पुरुषांमधील वाढलेले फेरिटिन: साखर, यकृत आणि लोहाचा साठा

आरेकर

नमस्कार. माझे वय ४६ आहे, राहायला गोरेगाव आणि नोकरी चर्चगेटला. कंपनीच्या वार्षिक आरोग्य तपासणीत यंदा प्रथमच फेरिटिनची, म्हणजे शरीरातल्या लोहाच्या साठ्याचा अंदाज देणारी, चाचणी होती. माझे फेरिटिन मिलिलिटरमागे ४८६ नॅनोग्रॅम आले. त्या प्रयोगशाळेची पुरुषांसाठीची वरची मर्यादा ४०० आहे. हिमोग्लोबिन १५.२ आहे. त्याच अहवालात उपाशीपोटी साखर १०८, ट्रायग्लिसराइड (रक्तातली चरबी) २१२ आणि एचडीएल (चांगले कोलेस्टेरॉल) ३६ आहे. कंबर ९६ सेंटिमीटर भरली आणि सोनोग्राफीत ग्रेड १ फॅटी लिव्हर निघाले. मी मद्यपान करत नाही. मांसाहार म्हणजे आठवड्यातून दोन-तीनदा मासे, क्वचित मटण.

डॉक्टरांनी साखर आणि चरबीबद्दल सविस्तर समजावले, पण फेरिटिनबद्दल फार बोलणे झाले नाही. आईचे म्हणणे असे की अंगात लोह भरपूर आहे तर त्यात काळजी करण्यासारखे काय आहे. एका सहकाऱ्याचे मत याच्या अगदी उलट आहे: जास्तीचे लोहच साखर वाढवते, म्हणून दर तीन महिन्यांनी रक्तदान करावे आणि आकडे खाली येताना पाहावेत.

लोहाचा साठा वाढल्यामुळे चयापचय बिघडते, की चयापचय बिघडल्यामुळे फेरिटिन वाढलेले दिसते? जाणकारांनी आणि अनुभव असलेल्यांनी कृपया लिहावे.

चर्चगेट_जलद

फेरिटिन हा शब्द आपल्यापैकी बहुतेकांनी कोविडच्या काळात पहिल्यांदा ऐकला, आणि तेव्हा तो आजाराच्या तीव्रतेचा निदर्शक म्हणून ऐकला. आता तो प्रत्येक पॅकेजमध्ये आला आहे. ज्या चाचणीचा आकडा पाहून डॉक्टर पुढे काही करणार नसतील, ती चाचणी निरोगी माणसाने करावी कशाला? तुमच्या कंबरेचा आणि ट्रायग्लिसराइडचा आकडा पुरेसे सांगतो आहे.

सूक्ष्मदर्शी

मी पॅथॉलॉजीमध्ये काम करते, त्यामुळे हा प्रश्न माझ्यासमोर वरचेवर येतो. थोडे विस्ताराने लिहिते.

प्रौढ पुरुषाच्या शरीरात साधारण ३ ते ४ ग्रॅम लोह असते. त्यातले सुमारे दोन तृतीयांश हिमोग्लोबिनमध्ये असते आणि एक ग्रॅमच्या आसपास साठ्यात, मुख्यतः यकृतात. आपण रोज अवघे एक मिलिग्रॅमभर लोह गमावतो आणि जेवणातून एक-दोन मिलिग्रॅम शोषून घेतो. जास्तीचे लोह बाहेर टाकण्याची सोय शरीराकडे नाही. जे काही नियंत्रण आहे ते आत घेतानाच आहे. ते नियंत्रण यकृतात तयार होणारे हेप्सिडिन हे संप्रेरक करते. पाळीमुळे स्त्रियांचा साठा बराच कमी राहतो, पुरुषांचा मात्र विशीनंतर हळूहळू वाढत जातो.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन आहे. त्याच्या एका रेणूत लोहाचे सुमारे साडेचार हजार अणू मावतात. पण हे साठवण्याचे काम पेशींच्या आत चालते, आणि आपण मोजतो ते रक्तात आलेले थोडेसे फेरिटिन. मशीद बंदरला गोदामाबाहेर उभे असलेले टेम्पो मोजून आत माल किती असेल याचा अंदाज बांधावा, तशी ही चाचणी आहे. एरवी अंदाज बरोबर येतो, पण रस्ता अडला तर माल वाढलेला नसतानाही रांग लांब दिसते. ताप, जंतुसंसर्ग, सांध्यांचा दाह, मद्यपान, यकृतात साठलेली चरबी आणि स्थूलता या सगळ्यांत लोह फारसे न वाढताही फेरिटिन वाढते.

त्यामुळे आरेकर, ४८६ या आकड्याचा अर्थ लावण्यासाठी ट्रान्सफरिन सॅच्युरेशन हवे, म्हणजे रक्तातून लोह वाहून नेणाऱ्या ट्रान्सफरिन या प्रथिनाचा किती भाग लोहाने भरलेला आहे ते. सकाळी उपाशीपोटी सीरम आयर्न (रक्तातले लोह) आणि टीआयबीसी (लोह वाहून नेण्याची रक्ताची एकूण क्षमता) करून घ्या. लोहाची किंवा मल्टीव्हिटामिनची गोळी चालू असेल, तर ती चाचणीच्या किती दिवस आधी थांबवायची हे डॉक्टरांना विचारा. सॅच्युरेशन ४५ टक्क्यांच्या वर असेल तर लोह खरोखर जास्त असण्याची शक्यता वाढते आणि तपासाची दिशा बदलते. ते नेहमीच्या मर्यादेत असेल, तर तुमच्या इतर आकड्यांकडे पाहता कारण यकृतात शोधावे लागेल. सोबत सीआरपी (दाह आहे का ते दाखवणारी चाचणी) आणि यकृताच्या चाचण्याही करा.

चर्चगेट_जलद यांच्याशी मी निम्मी सहमत आहे. सरसकट चाचणी करू नये हे खरे. पण आकडा एकदा हाती आल्यावर तो दुर्लक्षून चालत नाही.

वेसावकर

मासे सोडायला लागतील का, एवढेच सांगा. आमच्याकडे तिसऱ्या आणि शिंपल्या म्हणजे लोहाचे भांडार असे लहानपणापासून ऐकत आलो आहे.

अनुमान

मी संख्याशास्त्र शिकवतो. वैद्यकीय सल्ला देण्याचा मला अधिकार नाही. मूळ प्रश्न मात्र कार्यकारणभावाचा आहे आणि त्याचा इतिहास मोठा आहे, म्हणून लिहितो.

१९८१ साली जेरोम सलिव्हन यांनी 'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकात अशी मांडणी केली, की पाळी असेपर्यंत स्त्रियांना हृदयविकार कमी होतो याचे कारण त्यांचा कमी लोहसाठा असू शकेल. १९९२ मध्ये फिनलंडमधील कुओपिओ येथील सालोनेन आणि सहकाऱ्यांनी १,९३१ पुरुषांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यात फेरिटिन २०० किंवा त्याहून अधिक असलेल्यांमध्ये हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सुमारे २.२ पट आढळला. त्यानंतर मधुमेह, फॅटी लिव्हर आणि मेटाबॉलिक सिंड्रोम (कंबर, साखर, चरबी आणि रक्तदाब यांचा एकत्रित बिघाड) यांच्याशी वाढलेल्या फेरिटिनचा संबंध अनेक देशांतील पाहण्यांत पुन्हापुन्हा दिसला आहे. संबंध आहे, याबद्दल आता वाद नाही.

मात्र सूक्ष्मदर्शी यांनी सांगितले तेच इथे आडवे येते. चरबी आणि दाह फेरिटिन वाढवत असतील आणि तेच साखरही वाढवत असतील, तर फेरिटिन आणि साखर एकत्र वाढताना दिसणारच. त्यावरून एक दुसऱ्याचे कारण ठरत नाही. याचा निकाल लावायचा तर लोह कमी करून काय होते ते पाहावे लागते.

तसे प्रयोग झाले आहेत. २००७ मध्ये अमेरिकेत माजी सैनिकांच्या रुग्णालयांतील, पायांच्या रक्तवाहिन्यांचा आजार असलेल्या १,२७७ रुग्णांवर झालेल्या चाचणीचे निष्कर्ष आले. ठराविक काळाने रक्त काढून लोह कमी केलेल्या गटात एकूण मृत्यूंचे प्रमाण लक्षणीयरीत्या घटले नाही. फॅटी लिव्हरबाबत इटलीतील काही छोट्या अभ्यासांत रक्त काढल्यावर इन्शुलिनचा प्रतिरोध (पेशींनी इन्शुलिनला दाद न देणे) कमी झाल्याचे दिसले होते. पण ऑस्ट्रेलियात ७४ जणांवर झालेल्या आणि २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या यादृच्छिक चाचणीत सहा महिन्यांनंतर यकृतातील चरबीत किंवा इन्शुलिनच्या प्रतिरोधात फरक आढळला नाही.

तुमच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याला म्हणूनच आज पुरेसा आधार नाही.

रक्तमित्र

दादर परिसरात रक्तदान शिबिरांच्या कामात मी बरीच वर्षे आहे. अनुमान यांच्या शेवटच्या वाक्याने लोक रक्तदानापासून मागे हटू नयेत, म्हणून लिहितो.

पुरुषाला दर तीन महिन्यांनी रक्तदान करता येते. हिमोग्लोबिन किमान १२.५ हवे, वजन ४५ किलोच्या वर असेल तर ३५० मिलिलिटर आणि ५५ च्या वर असेल तर ४५० मिलिलिटर रक्त घेता येते. ४५० मिलिलिटरमधून साधारण २०० ते २५० मिलिग्रॅम लोह शरीराबाहेर जाते. जेवणातून तेवढे भरून यायला काही महिने लागतात, म्हणजे साठा खरोखर उतरतो. मग ज्याचे फेरिटिन वाढलेले आहे आणि जो दाता म्हणून पात्र आहे, त्याने रक्त दिले तर कुणाचे काय बिघडते? एप्रिल-मे महिन्यांत महाविद्यालये बंद, कार्यालयांत सुट्ट्या, आणि मुंबईत दर वर्षी रक्ताचा तुटवडा पडतो. निदान त्या काळात तरी अशा निरोगी पुरुषांनी पुढे यावे असे मला मनापासून वाटते. केईएम, सायन, नायर अशा सार्वजनिक रुग्णालयांत रक्तकेंद्रे आहेत. तिथे जाऊनही रक्त देता येते.

अनुमान

रक्तमित्र, तुमचे म्हणणे मला पूर्ण मान्य आहे. रक्तदान दुसऱ्यासाठी असते आणि त्यासाठी ते करावेच. माझा आक्षेप ते साखरेवरचा उपचार म्हणून करण्याला आहे, कारण तसा समज झाला की माणूस कंबरेकडे दुर्लक्ष करतो.

आणखी एक अभ्यास इथे थेट लागू पडतो. अमेरिकेतील आरोग्यक्षेत्रात काम करणाऱ्या सुमारे ३८ हजार पुरुषांचा १२ वर्षे पाठपुरावा करून २००४ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध झाले. लाल मांसातून मिळणाऱ्या हीम लोहाचा मधुमेहाच्या धोक्याशी संबंध दिसला; पण वारंवार रक्तदान करणाऱ्यांमध्ये मधुमेह कमी आढळला नाही. रक्तदाते मुळात अधिक निरोगी असतात, हे लक्षात घेतले तर हा निष्कर्ष अधिकच बोलका ठरतो.

डोंगरवाट

अनुमान यांचे विवेचन नेमके आहे, परंतु त्यातून 'लोह निर्दोष आहे' असा अर्थ निघू नये. लोह एकट्याने मधुमेह घडवू शकते याचे पुरावे आपल्याकडे दोन ठिकाणी आहेत. हिमोक्रोमॅटोसिस या आनुवंशिक आजारात आतडी गरजेपेक्षा जास्त लोह शोषत राहतात. ते यकृतात, स्वादुपिंडात आणि हृदयात साचते आणि अनेकांना मधुमेह होतो. त्वचेच्या बदललेल्या रंगावरून त्याला 'ब्राँझ डायबेटिस' असे म्हटले जात असे. दुसरे उदाहरण थॅलेसेमिया मेजरच्या मुलांचे. त्यांना आयुष्यभर रक्त द्यावे लागते, प्रत्येक पिशवीबरोबर २०० मिलिग्रॅमहून अधिक लोह शरीरात जाते, आणि ते काढणारी औषधे नियमित मिळाली नाहीत तर वाढत्या वयात मधुमेह गाठतो. या मुलांना ना पोट असते, ना फॅटी लिव्हर असते.

यामागची प्रक्रियाही बऱ्यापैकी समजली आहे. मोकळे लोह हायड्रोजन पेरॉक्साइडशी संयोग पावून अतिशय क्रियाशील मूलके तयार करते. इन्शुलिन बनवणाऱ्या बीटा पेशींकडे त्यांच्यापासून बचाव करणारी विकरे तुलनेने कमी असतात, त्यामुळे त्यांना इजा लवकर होते. चरबीच्या पेशींत लोह वाढले की अ‍ॅडिपोनेक्टिन हे इन्शुलिनला साहाय्य करणारे संप्रेरक कमी होते. उलट बाजूने इन्शुलिन स्वतः पेशींच्या पृष्ठभागावरील ट्रान्सफरिनचे ग्राहक वाढवते, म्हणजे रक्तात इन्शुलिन सतत जास्त असेल तर पेशी अधिक लोह ओढून घेतात. बाण एकाच दिशेने जातो असे मला वाटत नाही. दोन्ही बाजू एकमेकींना बळ देत असाव्यात.

सूक्ष्मदर्शी

डोंगरवाट यांच्या मुद्द्याला पूरक माहिती देते. १९९७ मध्ये फ्रान्समधील रेन शहरातील डॉक्टरांनी अशा रुग्णांचे वर्णन केले होते, ज्यांचे फेरिटिन वाढलेले, ट्रान्सफरिन सॅच्युरेशन मात्र सामान्य, आणि सोबत स्थूलता, बिघडलेली साखर किंवा चरबी होती. त्यांच्या यकृतात लोह खरोखर वाढलेले होते, पण माफक प्रमाणात. पुढे हे चित्र 'डिसमेटाबॉलिक आयर्न ओव्हरलोड सिंड्रोम' म्हणून ओळखले गेले. यकृताच्या दाहामुळे हेप्सिडिन वाढते आणि त्यामुळे लोह पेशींच्या आत अडकून पडते, असे त्याचे एक स्पष्टीकरण आहे. आरेकर यांचे आकडे वाचून माझ्या मनात हेच आले होते, परंतु सॅच्युरेशन आल्याशिवाय तसे म्हणणे घाईचे होईल.

हिमोक्रोमॅटोसिसबद्दल एक सांगते. युरोपात, विशेषतः उत्तर युरोपीय वंशाच्या लोकांत, त्याला कारणीभूत असलेला सी२८२वाय हा जनुकीय बदल बऱ्यापैकी आढळतो. भारतीयांत तो फार दुर्मीळ आहे. त्यामुळे परदेशी संकेतस्थळे वाचून घाबरू नये.

वेसावकर, मासे सोडू नका. तिसऱ्यांत लोह चांगले असते हे खरे, पण आरेकर यांचे फेरिटिन आठवड्यातल्या दोन-तीन मासळीच्या जेवणांमुळे ४८६ झाले असेल असे मला वाटत नाही. ट्रायग्लिसराइड वाढलेल्या माणसाने बांगडा आणि तारली अवश्य खावी, तळून न खाता कालवण करून. ताटातला भात कमी केला तर अधिक फायदा होईल.

कांचन_मुलुंड

या धाग्याशी संबंधित एक अनुभव लिहिते, कारण तो इतर घरांतही उपयोगी पडेल.

माझ्या पतींचे हिमोग्लोबिन अनेक वर्षे बारा-साडेबाराच्या आसपास असे आणि लाल पेशींचा आकार लहान. प्रत्येक वेळी कुणीतरी लोहाच्या गोळ्या लिहून देत असे. त्यांनी त्या मनोभावे घेतल्या, आकडा जागचा हलला नाही. अखेर एका तरुण डॉक्टरबाईंनी गोळ्या थांबवून फेरिटिन आणि हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून मोजणारी एचपीएलसी तपासणी करायला सांगितली. हिमोग्लोबिन ए२ वाढलेले निघाले, म्हणजे ते थॅलेसेमिया मायनर (या आनुवंशिक रक्तदोषाचे वाहक) आहेत, आणि फेरिटिन ३०० च्या वर होते. ज्या माणसाला लोह नकोच होते, त्याला वर्षानुवर्षे लोह दिले जात होते. आता त्यांनाही साखर आहे. ती या गोळ्यांमुळेच आली असे मी म्हणत नाही, घरात मधुमेह आहे; पण तो प्रश्न मनातून जात नाही.

आमच्या मुलुंडमध्ये सिंधी, कच्छी आणि लोहाणा कुटुंबे पुष्कळ आहेत आणि या समाजांत थॅलेसेमिया मायनरचे प्रमाण अधिक आढळते. मराठी घरांतही तो असतो, आमचे घर हेच त्याचे उदाहरण आहे. लाल पेशी लहान आहेत एवढ्यावरून कुणीही लोह सुरू करू नये, ही माझी कळकळीची विनंती आहे.

नीलांबरी

कांचनताई, तुम्ही लिहिलेत ते फार बरे झाले. माझे सासरे ७० वर्षांचे आहेत. अशक्तपणा वाटतो म्हणून ते लोहासव घेतात आणि त्याच्या जोडीला औषधाच्या दुकानातून आणलेले एक टॉनिकही. वैद्यांनी दिलेले नाही, त्यांचे तेच घेतात. शिवाय आमच्याकडे भाजी लोखंडी कढईत होते आणि रेशनवर मिळणारा तांदूळही लोहयुक्त असतो. हे सगळे मिळून जास्त होत असेल का?

सूक्ष्मदर्शी

नीलांबरी, कढई आणि तांदूळ यांची भीती बाळगू नका. पोषणयुक्त तांदळात किलोमागे साधारण २८ ते ४२ मिलिग्रॅम लोह घातलेले असते, म्हणजे दीडशे ग्रॅम तांदळातून चार ते सहा मिलिग्रॅम मिळते, आणि त्यातलेही थोडेच शोषले जाते. साठा पुरेसा असेल तर निरोगी माणसाची आतडी शोषण आपोआप कमी करतात. आयसीएमआरच्या पोषण संस्थेने २०२० मध्ये पुरुषांसाठी सुचवलेले प्रमाण दिवसाला १९ मिलिग्रॅम आहे, आणि ते याच कमी शोषणाचा हिशेब धरून ठरवलेले आहे.

टॉनिकची गोष्ट वेगळी आहे. औषधी मात्रेत लोह दीर्घकाळ, तेही चाचणी न करता घेणे योग्य नाही, मग ते आधुनिक टॉनिक असो किंवा लोहासव. त्याहून महत्त्वाचे म्हणजे ७० व्या वर्षी अशक्तपणा कशामुळे आहे याचा शोध घ्यायला हवा. लोह खरेच कमी निघाले तर ते कुठे जाते आहे हे पाहावे लागेल. निघाले नाही तर थायरॉइड, बी१२, साखर, हृदय अशा अनेक शक्यता आहेत. टॉनिकमुळे हा शोध लांबणीवर पडतो.

दहिसरकर

धाग्याचा विषय वाढलेल्या साठ्याचा आहे, पण माझी अडचण नेमकी उलटी आहे आणि तिचाही संबंध साखरेशी आहे. वय ३९, शाकाहारी, जेवणाबरोबर चहा. फेरिटिन ९, हिमोग्लोबिन १०.८. उपाशीपोटी साखर ९१, जेवणानंतर ११८, पण एचबीए१सी (गेल्या दोन-तीन महिन्यांच्या सरासरी साखरेचा आकडा) ६.२ आले आणि मला 'प्रीडायबेटिस' असे सांगण्यात आले. पत्नीने आता घरात साखर बंद केली आहे. हे आकडे एकमेकांशी जुळत नाहीत असे मला वाटते.

सूक्ष्मदर्शी

दहिसरकर, तुमची शंका रास्त आहे. लोहाच्या कमतरतेमुळे होणाऱ्या पंडुरोगात एचबीए१सी प्रत्यक्ष साखरेच्या मानाने जास्त दाखवते, हे अनेकदा दिसले आहे. लोह भरून आल्यावर ते पुन्हा तपासा. तोवर उपाशीपोटीची आणि जेवणानंतरची साखर अधिक विश्वासार्ह धरा. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीच्या २०१९-२१ च्या फेरीत १५ ते ४९ वयाच्या भारतीय पुरुषांपैकी २५ टक्के पंडुरोगी आढळले होते, त्यामुळे असे कोडे तुमच्या एकट्यापुढे नक्कीच नाही.

जेवणाबरोबरचा चहा थांबवा. वनस्पतीजन्य लोहाचे शोषण त्यामुळे निम्म्याहून अधिक घटू शकते. जेवणानंतर तास-दीड तासाने प्यायला हरकत नाही. उसळीवर लिंबू पिळा. पण केवळ आहारावर विसंबू नका. पुरुषाला पाळी नसते. त्याचे फेरिटिन ९ असेल तर बहुतेक वेळा कुठूनतरी रक्त जाते आहे, किंवा लोह शोषले जात नाही. मूळव्याध, वेदनाशामक गोळ्यांमुळे जठरात झालेला व्रण, जंत, सीलिअ‍ॅक आजार आणि मोठ्या आतड्यातील गाठ, या सर्वांचा विचार तुमच्या डॉक्टरांनी करायला हवा. गोळ्यांनी हिमोग्लोबिन वाढले म्हणजे काम झाले असे समजू नका.

चर्चगेट_जलद

या उदाहरणात मात्र फेरिटिनची चाचणी उपयोगाची ठरली, हे मान्य आहे. माझा मूळ आक्षेप लक्षणे नसताना पॅकेजमधून होणाऱ्या चाचणीला होता आणि तो कायम आहे.

आरेकर

सर्वांचे मनःपूर्वक आभार. सांगितलेल्या चाचण्या करून घेतल्या. ट्रान्सफरिन सॅच्युरेशन २९ टक्के, सीआरपी सामान्य, एसजीपीटी (यकृताची एक चाचणी) ५८, एचबीए१सी ५.९. फेरिटिन पुन्हा केले ते ४७१ आले. डॉक्टरांनी हिपॅटायटिस बी आणि सीची चाचणीही केली, दोन्ही नकारात्मक आहेत.

आता अनुमान आणि डोंगरवाट यांच्या मतांमध्ये मी अडकलो आहे. बाण दोन्ही दिशांनी जात असेल, तर लोह कमी करण्यात काहीच अर्थ नाही असे म्हणता येईल का? शिवाय मी दिसायला जाडजूड नाही, वजन ७१ आणि उंची १७० सेंटिमीटर आहे.

अनुमान

'काहीच अर्थ नाही' असे मी म्हणणार नाही. झालेल्या चाचण्या लहान होत्या किंवा वेगळ्या आजाराच्या रुग्णांवर होत्या. अमेरिकेतील ज्या चाचणीचा उल्लेख मी वर केला, तिच्यात तुलनेने कमी वयाच्या गटात फायद्याची चिन्हे दिसली होती, परंतु अशा उपगटांवर निर्णय बेतणे धोक्याचे असते. आज हाती असलेल्या पुराव्याचे वजन केले तर एवढेच म्हणता येते: वजन आणि यकृतातील चरबी कमी केल्याने साखर सुधारते हे भक्कमपणे सिद्ध आहे, रक्त काढल्याने सुधारते हे सिद्ध नाही.

डोंगरवाट

सहमत. दोन्ही दिशा खऱ्या असल्या, तरी त्यांपैकी जिचा उपाय आपल्या हातात आहे तिच्यापासून सुरुवात करावी.

जाडजूड नसण्याबद्दल थोडे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी २००४ साली 'लॅन्सेट'मध्ये स्वतःचे छायाचित्र प्रसिद्ध केले होते. दोघांचाही बीएमआय २२.३ होता, पण युडकिन यांच्या शरीरात चरबी ९.१ टक्के होती आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. बारीक दिसणाऱ्या भारतीय शरीरात चरबी किती लपलेली असते हे त्या एका चित्राने जगाला समजावले. तुमचा बीएमआय २४.६ आहे. आपल्यासाठी २३ च्या वर तो जास्त धरतात, आणि कंबरेची मर्यादा पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आहे. कंबर, ट्रायग्लिसराइड, एचडीएल आणि उपाशीपोटीची साखर मिळून मेटाबॉलिक सिंड्रोमच्या पाचपैकी चार अटी तुमच्याकडे पूर्ण होतात. पाचवी रक्तदाबाची, त्याबद्दल तुम्ही लिहिलेले नाही.

आरेकर

रक्तदाब १२८/८२ आहे, म्हणजे मर्यादेच्या आत.

सूक्ष्मदर्शी

या अहवालांवरून हिमोक्रोमॅटोसिसची शंका बरीच दूर होते आणि फॅटी लिव्हरशी निगडित वाढ हेच सर्वांत संभाव्य कारण उरते. अंतिम निर्णय तुमच्या डॉक्टरांचा. एसजीपीटी वाढलेले आहे, तेव्हा फायब्रोस्कॅनची (यकृताचा कडकपणा मोजणाऱ्या तपासणीची) गरज आहे का हे त्यांना अवश्य विचारा, कारण यकृतातील चरबीपेक्षा तिथे व्रणऊतक किती तयार झाले आहे हे दीर्घकाळात अधिक महत्त्वाचे ठरते.

वजनाच्या पाच टक्के घट झाली तरी यकृतातील चरबी कमी होऊ लागते. सात ते दहा टक्के घटले तर दाहही ओसरतो. तुमच्या बाबतीत याचा अर्थ साडेतीन किलोपासून सात किलोपर्यंत. फेरिटिन त्याच्या मागोमाग उतरले तर निदानाला पुष्टी मिळेल. सहा महिन्यांनी, त्याच प्रयोगशाळेत, सर्दी-ताप नसताना पुन्हा तपासा, कारण निरनिराळ्या यंत्रांवरचे आकडे तंतोतंत जुळत नाहीत. वजन घटूनही फेरिटिन चढत राहिले, किंवा ते हजाराकडे जाऊ लागले, तर यकृततज्ज्ञांना दाखवून एमआरआयने यकृतातील लोह मोजता येते.

वेसावकर

आरेकर, गोरेगाव ते चर्चगेट उभ्याने प्रवास आणि दिवसभर खुर्ची, हा आपल्या सगळ्यांचाच दिनक्रम आहे. मी संध्याकाळी मरीन लाइन्सला गाडीत चढण्याऐवजी चर्नी रोडपर्यंत समुद्राकाठाने चालत जातो आणि तिथून गाडी पकडतो. तुमचे कार्यालय चर्चगेटला आहे, तुम्हाला हे सहज जमेल. सोबत हवी असेल तर कळवा.

आरेकर

नक्की कळवतो. रक्तमित्र, डॉक्टरांनी मला रक्तदानाला परवानगी दिली आहे. साखरेसाठी नव्हे, आपण लिहिलेल्या मे महिन्यातील तुटवड्यासाठी येणार आहे. उच्च फेरिटिन असलेल्याचे रक्त घेणाऱ्या रुग्णाला चालते का?

रक्तमित्र

चालते. पिशवीतील लोह हे हिमोग्लोबिनमधले असते आणि तुमचे हिमोग्लोबिन इतर दात्यांसारखेच आहे. शिबिराच्या दिवशी न्याहारी करून या, भरपूर पाणी प्या, आणि फॉर्म भरताना चालू असलेली सर्व औषधे लिहा. मधुमेहाच्या गोळ्या पुढे सुरू झाल्या तर तेव्हाही रक्तकेंद्रातील डॉक्टरांना तसे सांगा. इन्शुलिन घेणाऱ्यांचे रक्त घेत नाहीत, गोळ्यांवर साखर स्थिर असलेल्यांचे घेतात. शिबिराची तारीख ठरली की याच धाग्यावर टाकतो.